गच्चीवरून स्पेस स्टेशन बघायचंय? सगळे विचारतात ते प्रश्न

मी पुण्यात राहतो, सात मजली बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या मधे उभा राहून बघतो, चहूबाजूंनी एलईडी दिवे आणि समोर एक होर्डिंग. हे आधीच सांगतो कारण "शहरातून काय दिसणार" हे ऐकून कंटाळा आलाय. पुष्कळ दिसतं. फक्त कधी आणि कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

शहरातून स्पेस स्टेशन खरंच नुसत्या डोळ्यांनी दिसतं का? दुर्बीण नको?

दिसतं, आणि दुर्बीण आणलीत तर उलट पंचाईत होईल कारण ते इतकं भराभर सरकतं की दुर्बिणीत सापडेपर्यंत ईशान्येला पोचलेलं असतं. आयएसएस म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण १०९ मीटर लांब आहे, वजन ४०० टनांच्या वर, आणि त्याचे ते मोठाले सोलर पॅनल सूर्याचा उजेड आपल्याकडे फेकतात. डोक्यावरून चांगला पास (म्हणजे आपल्या आकाशातून त्याची एक चक्कर) असेल तर गुरूपेक्षा ठळक, जवळपास शुक्राच्या चांदणीसारखं दिसतं. माझ्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीसुद्धा दिसलं होतं, आता बोला.

किती लांब असतं ते?

उंची साधारण ४०० ते ४२० किलोमीटर. मुंबईहून पणजी सरळ रेषेत जेवढी लांब आहे जवळपास तेवढंच, फक्त वरच्या दिशेला. आणि हे अंतर ते एका मिनिटाच्या आत कापतं, सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर स्पीड. पृथ्वीची एक फेरी सुमारे ९२-९३ मिनिटांत, म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा फेऱ्या, तेवढेच सूर्योदय नि तेवढेच सूर्यास्त. वरच्या लोकांनी संध्याकाळचा दिवा किती वेळा लावायचा हा प्रश्न माझ्या आजीने विचारला होता, त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

मग दिवसाला सोळा फेऱ्या मारतं तर रोज का दिसत नाही? रात्री बाराला बघू का?

बाराला नाही दिसणार, झोपा. हा मुद्दा एकदा नीट समजला की बाकी सगळं सोपंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्टेशनवर दिसण्यासारखे स्वतःचे दिवे नसतात, आपल्याला दिसतं ते उन्हात चमकणारं धातूचं धूड. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी व्हायला हव्यात, आपल्याकडे अंधार पाहिजे आणि वर ४०० किलोमीटरवर अजून ऊन पाहिजे. संध्याकाळी घारी उंच उडत असतात तेव्हा खाली अंगणात सावली आलेली असते पण घारीच्या पंखांवर उन्हाची तांबूस झाक असते ना, अगदी तसंच. हे जमतं सूर्य मावळल्यानंतरचे दीड-दोन तास आणि उगवायच्या आधीचे तेवढेच. मध्यरात्री आपल्या भागावरून जाताना ते बिचारं पृथ्वीच्या सावलीत असतं, डोक्यावरून गेलं तरी कळत नाही.

शिवाय त्याची कक्षा विषुववृत्ताला ५१.६ अंशांनी तिरकी आहे आणि खाली पृथ्वी फिरतेय, त्यामुळे दर फेरीला ते वेगळ्या गावावरून जातं. पुण्या-मुंबईकडे अनुभव असा की काही दिवस संध्याकाळी दिसतं, मग गायब, मग पहाटेचे पास सुरू होतात, मग परत गायब. "परवा दिसलं होतं, आज त्याच वेळेला का नाही" असं विचारू नका, ते एसटी नाही (आणि एसटी तरी कुठे त्याच वेळेला येते).

टाइम कुठे बघायचा?

हेवन्स अबव्ह नावाची साइट आहे, जुनी आणि दिसायला अगदी साधी, पण भरवशाची. नासाचं स्पॉट द स्टेशन ॲप आहे, ते आधी नोटिफिकेशनही देतं. आयएसएस डिटेक्टर ॲप पण बरंच वापरलं जातं. कुठलंही घ्या पण लोकेशन आधी नीट टाका, कारण माझ्या एका मित्राचं लोकेशन दिल्ली होतं आणि तो आठवडाभर रिकामं आकाश बघून मलाच शिव्या देत होता. आणि दोन महिन्यांनंतरचा टाइम आज लिहून ठेवू नका. वर अगदी विरळ का होईना हवा आहे, तिच्या घर्षणाने स्टेशन हळूहळू खाली येतं, मग इंजिन लावून त्याला परत वर ढकलतात, आणि त्यात टाइम बदलतात. आदल्या दिवशी चेक केलेलं उत्तम.

ॲपमधे "१०° नैऋत्य, ६२° वायव्य, मॅग्निट्यूड उणे ३.१" असं काहीतरी येतं, ते कसं वाचायचं?

अंश म्हणजे क्षितिजापासून किती वर. क्षितिज शून्य, डोक्यावर नव्वद. हात पूर्ण ताणून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते, आणि वीत पसरली तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २०. म्हणजे ६२ अंश म्हणजे तीन वितींच्या जरा वर. लहान मुलाचा हात लहान तसा लांबीलाही कमी, त्यामुळे त्यांच्या मुठीनेही हिशोब जवळपास तोच येतो.

दिशा कळत नसेल तर वास्तूवाल्यांचा उपयोग करून घ्या. देवघर ईशान्येला आणि स्वयंपाकघर आग्नेयेला सांगतात ना, मग त्याच्या बरोबर समोर नैऋत्य आणि वायव्य. मी वास्तू वगैरे मानत नाही पण दिशा पाठ करायला याच्याइतकं सोपं काही सापडलेलं नाही.

मॅग्निट्यूडचं गणित उलटं असतं, आकडा जितका कमी तितकं जास्त तेजस्वी आणि उणे म्हणजे अजूनच भारी. पहिल्यांदा बघणार असाल तर कमाल उंची ४० अंशांच्या वर आहे असाच पास निवडा. त्याखालचे पास शहरात बिल्डिंगी, टॉवर आणि धूळच खाऊन टाकतात.

विमान आहे की स्टेशन, कसं ओळखायचं?

विमानाला लाल-हिरवे दिवे असतात आणि एक लुकलुकत असतो, शांत असेल तर आवाजही येतो. स्टेशन न लुकलुकता, आवाज न करता, पांढरा पिवळसर ठिपका सरळ सरकत राहतो. आपल्याकडून ते नैऋत्येकडून ईशान्येला नाहीतर वायव्येकडून आग्नेयेला जातं, सगळा पास जास्तीत जास्त सहाएक मिनिटांचा. पूर्वेकडून पश्चिमेला काही चाललंय तर ते हे नाही.

आणि मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे शेवट. संध्याकाळच्या पासला ते पूर्वेच्या बाजूला पृथ्वीच्या सावलीत शिरतं, आधी जरा तांबूस होतं आणि मग काही सेकंदांत विझतं, वर स्वच्छ आकाश, ढग नाही काही नाही, आणि ठिपका गायब. दरवेळी कोणीतरी "अरे गेलं कुठे" म्हणतंच. पहाटे याच्या उलट, पश्चिमेच्या बाजूला काही नसताना अचानक मधेच पेटल्यासारखं दिसायला लागतं.

चीनचं स्टेशन पण दिसतं म्हणतात?

हो, तियानगोंग. पहिला भाग तियानहे २९ एप्रिल २०२१ला गेला, बाकीचे दोन २०२२मधे जोडले. आयएसएसपेक्षा बरंच लहान त्यामुळे उजेडही कमी, पण चांगल्या पासला त्याचं तेज व्याध या सगळ्यात तेजस्वी ताऱ्याच्या आसपास जातं, शहरातून आरामात दिसतं. त्याची कक्षा ४१.५ अंशांची, म्हणजे आपल्याला सोयीचीच. बहुतेक ॲपमधे ते वेगळं ऑन करावं लागतं.

आपल्या लोकांपैकी कोण कोण गेलंय तिकडे?

आयएसएसवर जाणारे पहिले भारतीय म्हणजे शुभांशु शुक्ला, अ‍ॅक्सिअम-४ मोहीम, २५ जून २०२५ला उड्डाण, दुसऱ्या दिवशी स्टेशनवर, १५ जुलैला परत. राकेश शर्मा १९८४ला गेले ते सोव्हिएत सॅल्यूट-७ स्टेशनवर, तेव्हा आयएसएस नव्हतंच, त्याचा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ला गेला आणि २ नोव्हेंबर २०००पासून तिथे सतत कोणी ना कोणी राहतंय. शुक्ला वर असताना मी दोनदा गच्चीवर गेलो आणि दोन्ही वेळा ढग बघून खाली आलो, जुलै महिना आणि पुणे, दुसरं काय होणार होतं. पुतणी मात्र ढगांकडे बघून हात हलवत होती.

रेल्वेच्या डब्यांसारखे एका रांगेत दिवे दिसले, एलियन वगैरे?

स्टारलिंक. इंटरनेटसाठीचे सॅटेलाइट. एकेका रॉकेटमधून अनेक सोडतात आणि पहिले काही दिवस ते एकामागे एक रांगेत असतात, नंतर वर आपापल्या जागी गेले की पांगतात आणि अंधुक होतात. मे २०१९ला पहिली साठांची तुकडी सुटली तेव्हापासून हा व्हिडिओ दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या फॅमिली ग्रुपवर येतोच. दिसायला सुंदर आहे हे मान्य, पण दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना विचारा, प्रत्येक फोटोत रेघोट्या.

पाडव्याला आकाशातून जळत काहीतरी गेलं होतं ते काय होतं? उल्का?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला. विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी बघितलं, बाहेर सणाची गर्दी होती त्यामुळे मोबाइलवर व्हिडिओही ढीगभर. जळणारे तुकडे एकामागे एक, शेपट्या सोडत, आरामात सरकत गेले. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं सुमारे तीन मीटर व्यासाचं मोठं कडं पडलेलं सापडलं, आसपासच्या गावांत गोळेही सापडले. चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा वापरून झालेला टप्पा परत वातावरणात शिरला, असा अभ्यासकांनी मेळ लावला. नशीब की कोणाच्या घरावर नाही पडलं.

उल्का आणि हे यात फरक करायला सोपंय. उल्का एक-दोन सेकंदांत संपते, "ती बघ" म्हणेपर्यंत गेलेली असते. कोसळणारं रॉकेट किंवा सॅटेलाइट सावकाश जातं, तुटत तुटत, अर्धा-एक मिनिट तरी दिसतं, आणि खिशातून मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला वेळ मिळतो. व्हिडिओ मिळाला यावरूनच अर्धं उत्तर कळतं. जुन्या लोकांना यावरून १९७९चं स्कायलॅब आठवतं, ते आपल्या डोक्यावर पडणार म्हणून लोक धास्तावले होते, शेवटी जुलैमधे ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडलं.

स्टेशन नसेल त्या दिवशी शहरातून अजून काय बघू?

थंडीत मृग. नोव्हेंबर-डिसेंबरपासून संध्याकाळी पूर्वेला वर येतो, चार कोपऱ्यांचे चार तारे आणि पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, त्या बाणाच्या रेषेत मागे खाली गेलं की बाण मारणारा व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. कितीही दिवे असले तरी हे दिसतं. एक गंमत, जूनमधे आपण "मृग लागला" म्हणतो तेव्हा मृग रात्री दिसतच नाही, कारण सूर्य त्याच भागात असतो आणि मृग दिवसा त्याच्याबरोबर फिरत असतो. मला हे पंचविशी उलटल्यावर कळलं, त्याआधी मी जूनमधे शोधत बसायचो.

व्याधाच्या खाली दक्षिणेकडे अजून एक एकटा तेजस्वी तारा दिसेल, तो अगस्त्य. पुण्यातून तो जेमतेम एक वीत वर चढतो, त्यामुळे दक्षिणेला मोकळं पाहिजे. न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या मावसभावाला तो अजिबात दिसत नाही, तिकडून तो क्षितिजाच्या वरच येत नाही, त्यावरून त्याला चिडवायला बरं पडतं. तो उलट सांगतो की त्याच्याकडे उन्हाळ्यात एकाच रात्री स्टेशनचे दोन-तीन पास होतात. ते खरंय, उत्तरेकडच्या लोकांना या बाबतीत जास्त मिळतं.

एप्रिल-मेमधे जेवण झाल्यावर उत्तरेला सप्तर्षी वर असतात. त्यातला शेपटीतला मधला वसिष्ठ आणि त्याला चिकटून अरुंधती, लग्नात दाखवतात ती. नुसत्या डोळ्यांनी दोन वेगळे दिसले तर नजर ठीक आहे असं समजायचं, पण शहराच्या धुरकटपणात नाही दिसली तर लगेच चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. ध्रुव मात्र लोक चुकीच्या ठिकाणी शोधतात, तो तेजस्वी नाही आणि डोक्यावरही नाही. आपण ज्या अक्षांशावर तेवढाच तो वर, म्हणजे पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस, सरळ उत्तरेला एक वीत.

बाकी शुक्र, गुरू, मंगळ, शनी हे ग्रह असतातच. शुक्र कधी रात्री उशिरा डोक्यावर दिसणार नाही, सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब तो जातच नाही, म्हणून नेहमी संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला.

ऑगस्टमधे मंगळ चंद्राएवढा दिसणार, असा मेसेज आलाय

खोटा. २७ ऑगस्ट २००३ला मंगळ खरंच बराच जवळ आला होता, त्यावरून निघालेली ही अफवा इतकी वर्षं फिरतेय. तेव्हाही तो नुसत्या डोळ्यांना लाल ठिपकाच होता.

उल्कावर्षाव शहरातून दिसतो?

थोडा. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला फेमस आहे पण तो १२-१३ तारखेचा, आपल्याकडे भर पावसाळा, सोडून द्या. डिसेंबरच्या १३-१४ला मिथुन राशीतला असतो, तो आपला, थंडी आणि आकाश स्वच्छ. पेपरात "ताशी शंभर उल्का" छापतात ते गडद अंधारात, शहराच्या गच्चीवरून तासाभरात पाच-दहा दिसल्या तरी मी खूश असतो. सतरंजी टाकून आडवे पडा, मोबाइल लांब ठेवा, वीस मिनिटं तरी डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या.

चंद्र बघायला पौर्णिमा बेस्ट ना?

नाही! पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. अष्टमीच्या आसपास बघा, उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरं कशी खोल खोल दिसतात ती. साधी दहा बाय पन्नासची बायनॉक्युलर पुरते. आणि अंधुक काही बघायचं असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरमधे वद्य पक्षातली संध्याकाळ शोधा, चंद्र उशिरा उगवतो. कोजागिरीला तारे बघायचा प्लॅन करणाऱ्यांनी मसाला दूध प्यावं आणि खाली यावं.

टेलिस्कोप कुठला घेऊ? मुलाचा वाढदिवस आहे

आत्ता कुठलाच नाही. बॉक्सवर "५०० पट" लिहिलेलं खेळण्यातलं काहीतरी आणाल, त्याचा स्टँड लटलट हलेल, चंद्रसुद्धा धरून ठेवता येणार नाही आणि पोराचा इंटरेस्ट जाईल. आधी बायनॉक्युलर घ्या, कठड्यावर टेकवून गुरूकडे धरा, बाजूला त्याचे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे दिसतात, गॅलिलिओला १६१०मधे दिसले तेच चार. शनीची कडी बघायला मात्र टेलिस्कोप लागतो, त्यासाठी दुसऱ्याचा वापरा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, त्यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम बदलापूरच्या पुढे वांगणीला वर्षानुवर्षं होताहेत. एक रात्र तिथे घालवली की काय घ्यायचं आणि घ्यायचं की नाही दोन्ही कळतं.

खरा अंधार कुठे मिळेल?

नागपूरकडच्यांची चैन आहे, पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मधे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. बाकीच्यांनी सह्याद्रीत किंवा कोकणात गावी जाल तेव्हा रात्री अंगणातला दिवा घालवा. आकाशगंगेचा पट्टा बघायला माझ्या गच्चीचा काही उपयोग नाही, तिथे मी हार मानलीये.

मोबाइलने स्टेशनचा फोटो येतो?

येतो की. मोबाइल ट्रायपॉडवर नाहीतर विटेला टेकवून ठेवा, प्रो मोड, आयएसओ १०० ते २००, शटर दहा सेकंद, फोकस लांबचा, आणि टायमर लावा म्हणजे बोट लागून हलणार नाही. स्टेशनची पांढरी रेघ उमटते. फोटो सगळा पिवळट आला तर शटर कमी करा, शहराचा उजेड आहे तो. पण पहिला पास फोटो न काढता बघा, सहाच मिनिटं असतात.

हे स्टेशन कायम राहणार आहे का?

नाही. २०३०नंतर ते मुद्दाम खाली आणून पॅसिफिक महासागराच्या निर्मनुष्य भागात पाडायचा नासाचा प्लॅन आहे, त्यासाठी ओढून खाली आणणारं यान बनवायचं काम जून २०२४मधे स्पेसएक्सला दिलंय. इस्रोनेही स्वतःचं स्टेशन २०३५पर्यंत उभं करायचं ठरवलंय. तोपर्यंत आईला अजून दहा-वीस पास दाखवायचेत.

सोसायटी गच्चीची चावी देत नाही, काय करू?

ही माझीपण जुनी दुखरी नस. आमच्याकडे दोन वर्षं "लायबिलिटी" हा एकच शब्द ऐकला. शेवटी एका संध्याकाळी सेक्रेटरींच्या नातवालाच पार्किंगमधे उभं करून पास दाखवला, जनरेटरच्या बाजूला जरा मोकळं आहे तिथून. दुसऱ्या दिवशी तो पोरगा आजोबांना घेऊन आला. आता चावी वॉचमनकाकांकडे असते आणि पासच्या दहा मिनिटं आधी तेच मला फोन करतात, चला साहेब, टाइम झाला.